लोणखेडच्या गायरानाची हद्द

जानराव माळ्याचा मळा लोणखेडच्या नाल्याला लागून होता. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, दोन वाफे कांद्याचे आणि कडेनं झेंडू. आठवड्यातून दोनदा तो बैलबंडी भरून वलगाववरून अमरावतीच्या भाजीबाजारात जाई. मळ्याच्या वरच्या अंगाला त्याचं थोडं कोरडवाहू वावर होतं आणि वावराच्या पलीकडं गावाचं गायरान.

माणूस हळू बोलणारा. काही विचारलं की आधी खाली बघे, मग उत्तर देई. नव्या माणसाला वाटे, याला कमी ऐकू येतं. पण नजर त्याची ओळंब्यासारखी सरळ होती. दोन शेजाऱ्यांत धुऱ्यावरून, म्हणजे वावराच्या बांधावरून, भांडण लागलं की जानरावाला बोलावणं येई. तो एका टोकाला उभा राही, दोरी धरी, चार पावलं इकडं, दोन तिकडं करी आणि म्हणे, "इथून." दोघंही कुरकुरत, पण धुरा तिथूनच पडे. यासाठी तो कोणाच्या घरचं पाणी सोडून काही घेत नसे.

त्या वर्षांत कापसानं वऱ्हाडाचं डोकं फिरवलं होतं. समुद्रापल्याड कुठं तरी मोठी लढाई जुंपली आहे, तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला आहे, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आहे, एवढंच लोकांना ठाऊक होतं. अमरावतीत मुंबईच्या पेढ्यांचे दलाल उतरले होते. बोंड फुटायच्या आधी ते वावरात येऊन उभे राहत. खुशालराव पाटलांच्या बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढल्या. ज्यांनी कधी ज्वारीशिवाय काही पेरलं नव्हतं त्यांनी अंगणापर्यंत कापसाची पऱ्हाटी लावली.

आणि मग लोक गायरानात शिरले. एका दिवसात कोणी काही बळकावलं नाही. वखर वळवायला जागा लागते म्हणून दोन हात पुढं, पुढच्या साली तिथंच पेरणीचं एक तास, त्याच्या पुढच्या साली धुराच सरकलेला. दोनशे बिघ्यांचं गायरान तीन वर्षांत साठ बिघ्यांवर आलं. एकतीस खातेदारांची पऱ्हाटी त्यात उभी होती. बत्तिसावा जानराव. त्यानंही दुसऱ्या साली आपल्या वावराला लागून दोन बिघे फोडले होते. पीक चांगलं आलं, त्यातून माणिकबाईच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, हातात चांदीचे गोठ आले. "सारे करून राहिले होते, मी बी केलं," असं तो पुढं सांगे. "तवा मले काही वाटलं नाही. वाटलं असतं तर बरं झालं असतं."

ज्यांना वावर नव्हतं त्यांना मात्र रोज वाटत होतं. गावात बेचाळीस घरं बिनजमिनीची. महारवाडा, दोन धनगर, कुंभार, आणि गंगूबाई गवळण. गंगूबाई विधवा होती, सात म्हशींवर तिचं घर चाले. गायरान आकसलं तशा सातच्या पाच झाल्या, पाचच्या तीन. म्हशी चुकून पऱ्हाटीत शिरल्या तर कोंडवाड्यात जात. कालपर्यंत जे चराऊ रान होतं तिथं गवत खाणं हा आता गुन्हा झाला होता.

अठराशे चौसष्ट सालच्या हिवाळ्यात मोजणी आली. सरकारला साऱ्या वऱ्हाडाची जमीन साखळीनं मोजून कागदावर घ्यायची होती. गावाबाहेरच्या आमराईत राहुटी पडली. मोजणीचे कारकून म्हणजे पुण्याकडचे एक गृहस्थ, बारीक चणीचे, दिवसभर उन्हात हिंडून काळवंडलेले. त्यांनी चावडीत सांगितलं की गावानं आपला एक पंच निवडून द्यावा. तो साखळीबरोबर चालेल, जुनी हद्द दाखवील आणि तो दाखवील ते लिहिलं जाईल.

खुशालराव पाटलांनी लगेच नाव घेतलं, "जानराव माळी."

कोणाची हरकत नव्हती. धुरा दाखवावा तर जानरावानं. चावडीतल्या खातेदारांनी हात वर केले. जानराव खाली बघत बसला होता. हात मोजून झाल्यावर "बरं," म्हणाला.

पाटील वाईट माणूस नव्हते. गावात पटकी आली तेव्हा ते पळून न जाता घरोघर फिरले होते. पण जानरावाचं नाव त्यांनी उगाच काढलं नव्हतं. घरी आल्यावर ते भाच्याला म्हणाले, "ज्याच्या पायाले चिखल लागला, तो दुसऱ्याले पाय धुवाले सांगत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळीच पाटील मळ्यावर आले. वांग्यांच्या वाफ्याशी उभं राहून त्यांनी सरळ विषयाला हात घातला.

"गायरान पळसाच्या झाडापासून अल्याड दाखवजो. साठ बिघे. बाकीचं ज्याच्या त्याच्या नावावर चढंल. तुहे दोन बिघे बी तुह्या नावावर."

"आणि जुनी हद्द?"

"जुनी हद्द कोणाले दिसून राहिली? दगड तरी हायेत का तिथं?"

जानरावानं वाफ्यातलं एक तण उपटलं. "पायतो," एवढंच म्हणाला.

संध्याकाळी तो राहुटीवर गेला. कारकून कागदावर रेघा ओढत बसले होते. जानरावाला लिहितावाचता येत नव्हतं. सहीच्या जागी तो नांगराची निशाणी काढी. त्यानं विचारलं, "साहेब, यात एकदा लिवलं का मंग बदलते का?"

"माझ्या हयातीत तरी नाही बदलणार," कारकून म्हणाले. "या कागदावर जे नाही, ते उद्या गावात नाही असं धरून चाला. म्हणूनच पंच लागतो. मी परका माणूस. मला शेत कोणतं आणि रान कोणतं हे तुम्ही दाखवल्याशिवाय कळायचं नाही."

जानरावानं दोन दिवसांची मुदत मागितली. कारकुनांनी दिली. तोवर ते नाल्याची बाजू मोजणार होते.

त्या दोन दिवसांतल्या पहिल्या दिवशी गंगूबाई आली. डोक्यावरची गवताची पेंढी तिनं मळ्याच्या वाटेवर टाकली आणि पेंढीवरच बसली.

"गवत आणाले आता मी वलगावच्या शिवेपर्यंत जातो," ती म्हणाली. वऱ्हाडात बायकाही 'जातो' म्हणतात. "तुले पंच केलं म्हंतात."

"केलं."

"कोणं केलं?"

"गावानं केलं, मावशे."

"मले कोणं इचारलं नाही. सटवाले इचारलं? कुंभाराले इचारलं? बेचाळीस घरं हायेत आमची. आमी गावात नाही राहात का?"

जानरावानं हातातलं खुरपं खाली ठेवलं.

"मी हात जोडाले नाही आली," गंगूबाई उठत म्हणाली. "तू बी दोन बिघे खाल्ले, मले मालूम हाय. पण निशाणी आता तुह्या हातची लागन. पाटलाची नाही, तुह्या हातची. येवढं ध्यानात ठेव, म्हून सांगाले आली."

ती गेल्यावर जानराव महारवाड्याच्या वाटेला लागला. सटवा महार गावात सगळ्यात म्हातारा. त्याच्या घराण्याकडं पिढ्यान् पिढ्या शिवेची राखण होती. दोन गावांत वाद झाला की हद्दीवरून चालून दाखवण्याचा मान महाराचा. पण चावडीत पंच निवडताना सटवा बाहेर लिंबाखाली बसला होता, आणि त्याला कोणी काही विचारलं नव्हतं.

"सटवाबा, गायरानाचे दगड कुठं हायेत?"

सटवानं त्याच्याकडं नीट निरखून पाहिलं. "पाटलासाठी इचारतं का तुह्यासाठी?"

"मोजणीसाठी."

"मंग चाल."

पाच दगड होते. दोन अजून उघडे होते, काट्यांत. दोन पऱ्हाटीत पालथे पाडलेले सापडले. पाचवा मिळेना. सटवानं डोळे बारीक करून दूरच्या टेकडीचं टोक पाहिलं, नाल्याचं वळण पाहिलं, आणि काठी टेकत जानरावाच्याच दोन बिघ्यांत शिरला. त्याच्या जुन्या वावराच्या कडेशी थांबून म्हणाला, "इथं खंद."

जानरावानं कुदळ घातली. वीतभर खाली दगड वाजला. माती झाडली तर एका बाजूला शेंदराचा पुसट डाग. हा दगड जानरावानं पुरला नव्हता. पण वखराला लागत होता तेव्हा त्यावर माती ओढली होती, हे त्याला आता आठवलं.

घरी येऊन त्यानं माणिकबाईला सांगितलं, "ते दोन बिघे सोडाले लागतीन."

माणिकबाई चुलीपाशी होती. तिनं हातातली भाकर तव्यावर टाकली आणि मग बोलली. "पऱ्हाटी उभी हाय. दुसरी वेचणी बाकी हाय."

"जमीन गावाची हाय."

"जमीन गावाची, पण घाम कोणाचा? निंदण मी केलं, वेचणी मी केली. तुमी तर बजारात होते." थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "बाकीचे सोडून राहिले का?"

"नाही."

"मंग आपुनच काहून?"

"मी साखळीसंगं चालनार हाय. दुसऱ्याच्या वावरातून साखळी नेताना माही पऱ्हाटी तिथं कशी उभी राहीन?"

माणिकबाईनं भाकर टोपल्यात टाकली. पण सकाळी उजाडताच ती जावेला घेऊन त्या दोन बिघ्यांत गेली आणि जेवढं फुटलं होतं तेवढं सगळं दोघींनी वेचून आणलं. जानरावाला हे पटलं नाही आणि त्यानं तिला थांबवलंही नाही. दुपारी त्यानं स्वतः धुरा फोडला आणि गंगूबाईच्या म्हशींना आत सोडायला सांगितलं. म्हशी पाला ओरबाडत असताना माणिकबाई मळ्यात पाठ करून मेथी खुडत राहिली. पुढं दोन दिवस ती नवऱ्याशी कामापुरतंच बोलली.

ही बातमी गावात पोचायला वेळ लागला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी साखळीवाले निघाले तेव्हा मागं निम्मं गाव होतं. पुढं जानराव, त्याच्याबरोबर सटवा. जानराव पहिल्यांदा आपल्याच जागेतल्या दगडापाशी गेला. तिथून त्यानं हात केला आणि चालू लागला. साखळी पाटलांच्या चुलतभावाच्या पऱ्हाटीतून गेली, मग खुद्द पाटलांच्या. बोंडं साखळीवाल्यांच्या पायात तुटत होती. एका ठिकाणी एकजण आडवा उभा राहिला. जानराव म्हणाला, "साखळी जाते फक्त. पऱ्हाटी तुहीच हाय, वेचून घे." तो हटला नाही. जानराव त्याच्या बाजूनं वळसा घालून पुन्हा त्याच रेघेवर आला. कारकून लिहीत होते.

संध्याकाळी चावडी भरली. आत खातेदार, ओट्याखाली बिनजमिनीची माणसं. बायकांत गंगूबाई पुढं.

पाटील बोलायला उठले. आवाज चढलेला नव्हता. "जानराव, तुले आमी निवडलं. साऱ्यायनं हात वर केले. आता आमचं म्हननं हाय का गायरान साठ बिघे लिवाव. तू दोनशे दाखवतं. ज्यायनं तुले पंच केलं त्यायचं आयकाचं का तुह्या मनाचं कराचं?"

हा प्रश्न खोटा नव्हता, आणि जानरावाला ते कळत होतं. तो नेहमीप्रमाणं खाली बघत राहिला. लोक चुळबुळ करू लागले.

"तुमी मले हद्द कुठं हाय ते दाखवाले निवडलं," तो शेवटी म्हणाला. "कुठं असावी ते सांगाले नाही. गायरान कमी करा म्हनत असान तर तसं कागदावर लिवा, का आमी कमी करून राहिलो. गावाची मर्जी. पण ते पयलेपासून साठ होतं असं माह्या निशाणीनं नाही लिवता येत."

"तू स्वतः दोन बिघे खाल्ले होते!" कोणी तरी ओरडलं.

"खाल्ले. दोन पिकं घेतले. ते बी लिवून घ्या, साहेब."

कारकुनांनी मान वर करून त्याच्याकडं पाहिलं आणि खरंच लिहून घेतलं.

मग पाटलांनी मागणी केली की पंच बदलावा आणि रयतेचं मत घ्यावं. कारकून म्हणाले, तसं करता येईल. हात वर करायच्या आधी जानरावानं विचारलं, "रयत म्हंजे कोण, साहेब? खाली उभे हायेत ते बी धरनार का?"

ओट्याखालच्या माणसांकडं कारकुनांनी पाहिलं. "माझ्याकडं नियम खातेदारांचा आहे," ते म्हणाले. "ज्याच्या नावावर जमीन, त्याचं मत."

"ज्याच्या नावावर जमीन हाय त्याले गायरान नाही लागत," खालून गंगूबाई म्हणाली. "ज्याले लागते त्याले तुमी इचारतच नाही."

तिला कोणी गप्प बसवलं नाही. हात मोजले गेले. जानरावाच्या बाजूनं पाच, विरुद्ध अडतीस. त्या पाचांत दोघांची शेतं नाल्यापलीकडं होती, त्यांना गायरानाचं ना देणं ना घेणं. जानराव पंच राहिला नाही. त्याच्या जागी पाटलांचा चुलतभाऊ आला.

कारकुनांनी एक केलं. दोन्ही म्हणणी लिहिली. अडतीस जणांचं म्हणणं असं, पहिल्या पंचानं दगडांवरून दाखवलेली हद्द अशी, आणि निकाल वरच्या साहेबानं द्यावा. जानरावाची नांगराची निशाणी दुसऱ्या म्हणण्याखाली राहिली. तिच्याशेजारी त्यांनी सटवाचा अंगठा घेतला. त्याची गरज नव्हती, पण घेतला.

पुढचं वर्ष जानरावाला जड गेलं. त्याच्या मोटेचं चाक मोडलं तर गावातला सुतार चार चार दिवस "येतो, येतो" म्हणे. लग्नाच्या पंगतीला बोलावणं येईना. थोरल्या मुलीची हिवरखेडला जुळलेली सोयरीक मोडली. मुलाकडच्यांनी कारण दुसरं सांगितलं, पण पाटलांच्या घरची माणसं आधी तिकडं जाऊन आली होती. माणिकबाई त्या दिवशी खूप बोलली. तिचे सगळे शब्द जानरावानं ऐकून घेतले. शेवटी ती म्हणाली, "तुमी खोटं नाही केलं, हे मले समजते. पण पोरीनं काय केलं होतं?" मुलीचं लग्न दीड वर्षानं अकोल्याकडच्या एका माळ्याच्या घरी झालं. घर साधं होतं, माणसं बरी होती.

मोजणीचा निकाल यायला आठ महिने लागले. तोवर लढाई थांबल्याची बातमी आली होती आणि कापसाचा भाव खाली कोसळला होता. वरच्या साहेबानं ना अडतीसांचं पूर्ण ऐकलं, ना जानरावाचं. गायरान एकशे दहा बिघे ठरवलं, बाकीची जमीन कसणाऱ्यांच्या नावावर. साहेब गावात आलाच नव्हता. एकशे दहा हा आकडा कुठून आला ते कोणाला कळलं नाही. साठाचे एकशे दहा झाले म्हणून गंगूबाईनं चौथी म्हैस घेतली. दोनशेचे एकशे दहा झाले म्हणून सटवा खूप दिवस कोणाशी बोलला नाही. पाच दगडांपैकी दोनच आता हद्दीवर होते, उरलेले तीन लोकांच्या वावरांत कायमचे आत गेले होते. हद्दीवरच्या दोनांत एक जानरावाच्या जागेतला होता, कारण त्या बाजूला कसणारा कोणी उरला नव्हता.

जानराव परत कधी पंच झाला नाही. गावात पुढं दोनदा पंच निवडले गेले, रस्त्यासाठी एकदा आणि विहिरीसाठी एकदा. दोन्ही वेळेस हात खातेदारांचेच मोजले. विहिरीच्या वेळेस जानरावानं पुन्हा विचारलं, "खाली उभे हायेत ते?" लोक हसले. आधी हसत नव्हते, चिडत होते. त्यामुळं त्याला ते बरं लक्षण वाटलं.

सात-आठ वर्षांनी खुशालराव पाटील आणि त्यांचा तोच चुलतभाऊ वेगळे निघाले. वडिलोपार्जित सामाईक वावराच्या वाटणीत मधला धुरा कुठून टाकायचा यावर दोघांचं जमेना. भाऊबंदांनी मध्यस्थी करून पाहिली, अमरावतीहून एक वकीलही येऊन गेला. मग एका सकाळी पाटील एकटेच मळ्यावर आले. केस पांढरे झाले होते. ते आडवंतिडवं काही बोलले नाहीत.

"तुह्यावर माहा राग हाय, जानराव. तो जाईन असं मले वाटत नाही. पण धुरा तूच दाखव. माहा भाऊ बी म्हनते, जानराव दाखवन तर मान्य."

जानरावानं हात धुतले, दोरी घेतली आणि त्यांच्या मागं निघाला. वाटेत पाटलांनी विचारलं, "एक सांग. अडतीस लोकं म्हनत होते आणि तू नाही आयकलं. तुले कधी वाटलं नाही का आपुन चुकलो?"

जानरावानं दोरी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"वाटते," तो म्हणाला. "येवढ्या लोकायचं आयकलं नाही, ते काही चांगलं नाही झालं. पण ते बेचाळीस घरं धरले असते तर हातायची मोजणी काय झाली असती, ते बी मले अजून समजलं नाही. ते कोणं मोजलंच नाही, पाटील."

पाटलांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. दोघं वावरात पोचले. चुलतभाऊ आधीच येऊन उभा होता. जानरावानं दोरीचं एक टोक त्याच्या हातात दिलं, दुसरं पाटलांच्या, आणि स्वतः मध्ये उभा राहून ऊन डोळ्यावर येऊ नये म्हणून कपाळावर हात धरला. धुरा पडायला दुपार झाली. काम झाल्यावर पाटलांच्या घरून पाणी आलं. ते पिऊन तो मळ्याकडं निघाला, कारण दुसऱ्या दिवशी अमरावतीचा बाजार होता आणि वांगी तोडायची राहिली होती.